तेल न घातलेला सांधा

लोखंडाची जड पट्टी ट्रकच्या रिकाम्या हौद्यात पडली की कसा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं. आता तो आवाज डोक्यातून जात नाही. पहिली पट्टी पडली तेव्हा आमच्या वन्सं माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या हसत होत्या. आवाजासरशी त्यांनी मान वळवली आणि चेहऱ्यावर हसू तसंच राहून गेलं, घरात कुणी नसताना दिवा चालू राहावा तसं.

पण हे असं मधूनच सांगून कुणाला काय कळणार? वन्सं कोण, आणि त्या एका पट्टीबरोबर त्यांचं काय गेलं, ते आधी सांगायला हवं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गल्लीत सगळे त्यांना रूळबाई म्हणतात, अगदी तोंडावर, आणि त्याही ओ देतात. आमच्या मागच्या दाराबाहेर कपडे वाळत घालायची दोरी आहे, दोरीपलीकडे थोडा उतार, आणि उताराखाली रेल्वेची लाईन. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा दिवसातून दोनदा गाडी जायची आणि फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या. पहिल्या दिवशी मी दचकून उभी राहिले, तर सासूबाई म्हणाल्या, "बस गं, आपलीच आहे." जणू एखादी शेजारीण डोकावून गेली.

ती गाडी आपली होती, कारण वन्संचे यजमान त्या लाईनवर गँगमध्ये होते. गँग म्हणजे रुळांची देखभाल करणारी टोळी. हातोडे, पहारी, पाने घेऊन ही माणसं उन्हातान्हात आपल्या हद्दीतले रूळ तपासत फिरतात. त्यांची हद्द आमच्या मागच्या दारापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत होती. वन्संच्या लग्नाला फार वर्षं नाही झाली तोच ते गेले, आणि तेही त्या हद्दीतच.

दोन रूळ जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा. तिथे दोन्ही अंगांनी लोखंडाची एकेक पट्टी लावतात आणि चार बोल्टांनी आवळतात. रूळ उन्हात वाढतात, थंडीत आकसतात. म्हणून वर्षातून एकदा त्या पट्ट्या उघडायच्या, तारेच्या ब्रशने घासायच्या, तेल घालून पुन्हा बसवायच्या. तेल नसलं की सांधा गंजून धरतो, आणि रुळाला सरकायला जागा उरली नाही की भर उन्हाळ्यात तो वाकडा होतो. हे सगळं मला वन्संनीच सांगितलंय, बटाटे सोलता सोलता. आणि त्यांच्या कामातला एक नियमही: सांधा उघडला की पूर्ण करूनच उठायचं. जेवणाची सुट्टी झाली तरी, साहेब आला तरी. अर्धा उघडा सांधा टाकून कुणी उठत नाही.

त्यांच्या यजमानांनी उठून जायचा विचार केलाच नव्हता. पुलाच्या अलीकडच्या सांध्याचे तीन बोल्ट सुटले होते, चौथा दाद देत नव्हता. त्यांनी पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला, पाना सटकला, आणि ते बांधावरून मागच्या मागे खाली ओढ्यातल्या दगडांवर गेले. गँगमधल्या लोकांनी त्यांना वर आणलं. मग गाडीची वेळ झाली होती म्हणून त्यातल्या एकाने सुटलेले तीन बोल्ट पुन्हा आवळले.

रेल्वेने वन्संना यजमानांच्या जागी नोकरी दिली. ऑफिसात साहेबांना पाणी देण्याचं काम होतं. वन्संनी गँग मागितली.

"का हो?" मी एकदा विचारलं होतं.

"बसून दुसऱ्याला पाणी द्यायचं, त्यापेक्षा उभं राहून आपला घाम गाळलेला बरा. आणि दिवसभर त्याच त्या फॅनकडे बघायचं म्हणजे डोकं फिरेल माझं."

गँगमधले पुरुष पहिल्यांदा हसले. मुकादमाने त्यांना झाडू दिला. महिन्याभरात झाडू गेला आणि हातात पाना आला. फक्त पुलाजवळच्या त्या सांध्याची पाळी आली की मुकादम न सांगता त्यांना दुसरीकडे पाठवायचा. गँगवालेही तो उघडायच्या भानगडीत पडत नसत. वरून तेल ओतायचे आणि पुढे जायचे.

माझी लेक पहिलीत असताना गाड्या बंद झाल्या. रस्ता मोठा झाला, बस आल्या, डब्यांत माणसं दिसेनाशी झाली. स्टेशनावर एक पाटी लागली: पुढील सूचना मिळेपर्यंत गाड्या बंद. आमच्या गावातली माणसं त्या पाटीवर इतकी वर्षं जगली. 'कायमच्या' असा शब्द तिच्यावर नव्हता ना. तिकिटाच्या खिडकीत कबुतरांनी संसार थाटला, फलाटावर झुडपं वाढली, तरी कुणी विषय काढला की दुसरा म्हणायचा, "अजून सूचना यायचीय."

वन्संची बदली लांबच्या लाईनवर झाली. निवृत्त होऊन त्या आमच्याकडे आल्या तेव्हा एक ट्रंक आणली, नारिंगी जाकीट आणलं आणि एक हातभर लांब पाना. निरोपाच्या दिवशी लोकांना घड्याळ मिळतं. यांना गँगने पाना दिला होता.

"अहो, याचं करायचं काय घरात?" मी विचारलं.

"बघू," म्हणाल्या, आणि तो पाना पलंगाखाली सरकवला.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ह्यांच्या गॅरेजमधून जळक्या ऑइलचा डबा उचलला. माझ्या नवऱ्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे; जळकं ऑइल म्हणजे गाडीतून काढलेलं जुनं काळं तेल, ते पडूनच असायचं. त्या दिवसापासून उन्हाळा असो की थंडी, वन्सं सकाळी जाकीट घालून मागच्या दाराने बाहेर पडत. एकेक सांधा घेत. एका वेळी एकच बोल्ट सोडायचा, घासायचा, तेल लावायचं, पुन्हा आवळायचा, मग दुसरा. जेवायला येत तेव्हा कोपरापर्यंत काळ्या. माझा एकही टॉवेल पांढरा राहिला नाही. यावरून आमची भांडणं झाली, ती अजून मिटलेली नाहीत.

समोर शिंप्याचं दुकान आहे. तो रोज हाक मारायचा, "काय रूळबाई, आज गाडीला उशीर का?"

"तू कपडे द्यायची तारीख सांगतोस ना, त्याच्या आधी येईल."

"म्हणजे घाई नाही."

"मला नाही. तुझ्या गिऱ्हाइकांना असेल."

त्या चालत्या गाडीसाठी काम करत होत्या असं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लाईन पुन्हा उघडायची ठरली की आधी कुणीतरी साहेब तपासायला येईल. सांधे धरलेले दिसले तर कागदावर लिहील, नालायक; आणि विषय संपला. सांधे सुटते दिसले तर निदान विचार करेल. "रूळ जमिनीवर आहेत तोवर लाईन आहे गं," म्हणायच्या. "गाडी काय, आज नाही उद्या."

मी हसायचे नाही, कारण मलाही ती लाईन हवी होती. लेक आता शहरात कॉलेजला जाते, बसने. डोंगराच्या कडेने रस्ता, एका बाजूला दरी, आणि ड्रायव्हर सगळे तरणेबांड. गेल्या वर्षी त्या रस्त्यावर एक बस कठड्यावर अर्धी लटकली होती. आतली माणसं मागच्या खिडकीतून काढली. त्या दिवशी लेक दुसऱ्या बसमध्ये होती. ती घरी येईपर्यंत मी काय काय केलं ते मला आठवत नाही, पण कांदे सगळे चिरून ठेवलेले होते. लेक म्हणते, "आई, बस ड्रायव्हर चालवतो आणि थकतेस तू." म्हणू दे. रेल्वेला दरी नसते, बोगदा असतो.

एकदा कुंपणाच्या तारेने वन्संचा हात कापला म्हणून मी डबा धरायला त्यांच्याबरोबर गेले होते. सांध्यामागून सांधा करत आम्ही पुलाजवळ आलो. शेवटच्या सांध्यापाशी त्या थांबल्याच नाहीत. पाय उचलून त्याच्यावरून गेल्या, जसं झोपलेल्या माणसाला ओलांडून जातो. तो सांधा लालभडक गंजला होता. मी डबा पुढे केला तर म्हणाल्या, "हा नाही."

पुन्हा विचारायची सोय नव्हती.

गेल्या हिवाळ्यात साहेब आले. जीपमधून तिघं उतरले, एकाच्या हातात टेप, एकाच्या हातात फोन. साऱ्या गल्लीत बातमी पसरली. वन्सं आत जाऊन तोंड धुवून आल्या, जाकिटाच्या गुंड्या लावल्या आणि खाली गेल्या. मी चहा घेऊन मागोमाग. साहेबांनी एका बोल्टकडे बोट दाखवलं. वन्संनी पाना लावला आणि एका हाताने फिरवला. बोल्ट बाटलीच्या झाकणासारखा सुटला. साहेबांनी स्वतः दुसरा बोल्ट सोडून पाहिला.

"हे कोण करतं?"

"मी, साहेब."

"कशासाठी?"

वन्संना वाटलं, परीक्षा घेतायत. "सांधा धरू नये म्हणून, साहेब."

साहेबांनी हातातला बोल्ट परत बसवला. "असे सांधे सगळीकडे असते, तर आमचं काम फार सोपं झालं असतं," म्हणाले. चहा प्यायले, फोटो काढले आणि गेले.

"वन्सं, विचारलं का नाहीत? कधी उघडणार, काय?"

"साहेबाला विचारायचं नसतं गं. दाखवायचं असतं. त्याला दिसलं ना, झालं."

"पण तुम्ही आता नोकरीत आहात का?"

"लाईनवर उभं असलं की नोकरीतच."

आणि आम्ही, कॉलेजं शिकलेली माणसं, आम्हीही नाही विचारलं. वन्संना त्यातलं कळतं, त्या खूश आहेत, म्हणजे चांगलंच असणार. हे तर दोन दिवसांनी रंगाचा डबा घेऊन आले आणि मागचं दार हिरवंगार रंगवलं.

"मागच्या दाराला कशाला?" मी म्हटलं.

"गाडीतून काय दिसणार? मागचंच दार ना?"

शिंप्याने जाहीर केलं की स्टेशनात दुकान टाकणार, गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं आणि परतीच्या गाडीला कपडे द्यायचे. वन्सं म्हणाल्या, "परतीच्या म्हणजे कुठल्या वर्षी?" माझ्या मनात तर लेक खिडकीशी बसलीसुद्धा होती, मांडीवर पुस्तक, आणि बाहेर कुठेच दरी नाही.

परवा सकाळी ट्रक आले. दोन ट्रक, एक छोटी क्रेन, आणि नारिंगी जाकिटातली माणसं. त्यांनी आमच्या मागच्या उतारावर सामान उतरवायला सुरुवात केली. पाने, पहारी, दोर. वन्सं चहा अर्धा टाकून उठल्या. त्या दिवशी त्यांची चाल बघायला हवी होती. गुडघे धरून जिना उतरणारी बाई, उतारावरून पोरीसारखी खाली गेली, आणि मी मागोमाग. गल्लीतली माणसं कुंपणाशी जमली. शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला.

गँगचा मुकादम हा पन्नाशीचा, बारीक, बोलायला मऊ माणूस. त्याने वन्संचं जाकीट पाहिलं आणि ओळखल्यासारखा हसला.

"मावशी, कुठल्या गँगच्या?"

"हीच. हीच हद्द माझी."

"मग तुम्हीच ते तेल घालत होतात?"

"बघा तर," वन्सं म्हणाल्या, आणि पहिल्या सांध्यापाशी बसल्या. आपल्या पान्याने त्यांनी पहिला बोल्ट स्वतः सोडला, मग दुसरा, तिसरा, चौथा. पट्टी मोकळी झाली आणि त्या हसत उठून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. कुंपणाशी कुणीतरी टाळी वाजवली.

"सगळे असेच आहेत, मावशी?"

"सगळे. पुलापर्यंत."

मुकादमाने मान डोलावली. एका माणसाने ती पट्टी उचलली, चार पावलं जाऊन ट्रकच्या हौद्यात फेकली.

तोच तो आवाज.

गल्लीतल्या कुणालाच काही कळलं नाही. लोक अजून हसत होते. कळलं ते फक्त वन्संना. पट्टी पुन्हा बसवायची असेल तर ती काढून सांध्याच्या बाजूलाच ठेवतात आणि तिचे बोल्ट तिच्याच भोकांत अडकवतात, म्हणजे सांध्याचा माल सांध्याजवळ राहतो. बसवणारा माणूस पट्टी कधी फेकत नाही. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी त्या नुसत्या ट्रककडे बघत होत्या. मग क्रेनचा दोर आला, रुळाला आकडा लागला आणि रूळ उचलला गेला. माझ्या लग्नाच्या आधीपासून जमिनीला चिकटलेला तो रूळ हवेत हलकासा झुलायला लागला, आणि मग कुंपणाशी कुणीच हसेना.

"अहो, हे काय करताय?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

मुकादमाने माझ्याकडे, मग वन्संकडे पाहिलं. त्याच्या तोंडचा रंग उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? लाईन कायमची बंद झाली, ताई. आम्ही उचलायला आलोय. साहेब म्हणाले, या टोकाकडून धरा, इथले बोल्ट हाताने सुटतात. पुढचं सगळं कापावं लागणार आहे."

वन्संनी पाना उचलला, जाकिटाने पुसला आणि वर आल्या. आमच्या नव्या हिरव्या दारातून आत गेल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी पेला धरला, पण प्यायल्या नाहीत. हे गॅरेजमधून धावत आले, खाली जाऊन मुकादमाशी भांडून आले. मग बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

संध्याकाळी लेक आली. तिने ऐकलं आणि बॅगही न उतरवता आत्याच्या पायाशी बसली.

"आत्या, त्यांनी फसवलं तुला."

"कुणी फसवलं? काही बोललेच नाहीत ते."

"तेच तर."

"मी विचारलं नाही," वन्सं म्हणाल्या. मग मांडीवरचा पाना बाजूला ठेवत, "इतकी वर्षं मी त्यांच्यासाठीच तयार करून ठेवली गं लाईन. ताटात वाढून दिली."

"नसतं तेल घातलंस तर कापली असती."

"कापायला वेळ लागला असता."

लेक बॅग उतरवायला लागली. खरं सांगायचं तर मला त्या वेळी एकच दिसत होतं: लेकीच्या बुटांना लागलेली त्या डोंगररस्त्याची लाल माती. म्हणजे आता रोज तीच.

काल दिवसभर वन्सं मागच्या दाराकडे फिरकल्या नाहीत. पुढच्या दाराने बाहेर पडल्या आणि शिंप्याच्या दुकानात जाऊन बसल्या. शिंप्याला गप्प बसायची सवय नाही, पण कालचा दिवस त्याने मशीन चालवत काढला, एक शब्द नाही. मशीन थांबली की मागून पट्ट्या पडल्याचा आवाज यायचा, म्हणून तो थांबतच नव्हता. एकाचा कोट शिवून झाला, दुसऱ्याची पँट शिवून झाली. एवढ्या वेळेवर त्याने आयुष्यात कुणाला कपडे दिले नसतील.

काम भराभर सरकत होतं. ज्या कामाला महिना लागावा ते दोन दिवसांत पुलाशी आलं. आज दुपारीही वन्सं तिथेच बसल्या होत्या, तेव्हा शिंप्याचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं आणि सहज बोलून गेलं, "तुमच्या रुळांचं काम अडलंय म्हणे. पुलाजवळ एक सांधा सुटत नाही. गॅस मागवलाय, कापणार आता."

वन्सं उठल्या. घरात आल्या, पलंगाखालून पाना काढला, ब्रश घेतला, तेलाचा डबा घेतला. जाकीट घातलं.

"वन्सं, कुठे?"

"येतेस तर चल."

मी चपला घातल्या आणि निघाले. त्या जागी बांध अरुंद आहे आणि खाली ओढा, हे माझ्या डोक्यात होतं. बाकी काही विचार केल्याचं आठवत नाही. वाटेत लाईन नव्हती. खडी होती, आणि खडीत रुळांखालचे स्लीपर उचलल्याचे ओले चौकोन. घराच्या मागे इतकी वर्षं जे होतं ते नाही, हे बघताना पायाखालची पायरी चुकल्यासारखं होत होतं, पुन्हा पुन्हा. वन्सं खाली बघत नव्हत्या.

पुलाशी मुकादम आणि त्याची माणसं बसली होती. तीन बोल्ट त्यांनी घाम गाळून सोडले होते. चौथ्याच्या कडा पान्याने झिजल्या होत्या. गॅसची नळकांडी ट्रकमधून उतरत होती.

"कापू नका," वन्सं म्हणाल्या. "मी उघडते."

"मावशी, तो नाही सुटायचा. तिघांनी जोर लावला."

"जोर लावूनच गेला एक माणूस इथून." त्या खाली बसल्या. "जरा थांबा. तुम्हाला चहाची सुट्टी समजा."

मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं, खालच्या ओढ्याकडे पाहिलं, आणि त्याला कुठूनतरी कळलं असावं. गँगमध्ये असल्या गोष्टी पिढ्यान्पिढ्या कळतात. त्याने हाताने खूण केली आणि नळकांडी तिथेच राहिली.

वन्संनी गंज ब्रशने घासला. तेल सोडलं. गँगवाल्यांच्या छोट्या हातोडीने बोल्टच्या डोक्यावर टकटक केलं, जोरात नाही, दार वाजवावं तसं. पुन्हा तेल. पुन्हा टकटक. मग नुसत्या बसून राहिल्या. तेल आत जायला वेळ लागतो म्हणाल्या. ऊन उतरत होतं. माणसांनी बिड्या ओढल्या, कुणीतरी आम्हाला पाणी आणून दिलं. मग त्यांनी पाना लावला आणि दोन्ही हातांनी धरला, बांधाकडे पाठ करून. दुसरीकडून पाना बसतच नव्हता.

मी त्यांच्या मागे जाऊन बसले आणि जाकीट दोन्ही मुठींत गच्च धरलं. पाय खडीत रोवले.

"काय करतेस?"

"तुम्ही तुमचं काम करा."

त्यांनी भार टाकला. काही झालं नाही. पुन्हा टाकला. माझ्या मुठींत त्यांची पाठ थरथरताना कळत होती, म्हाताऱ्या माणसाची हाडं, आणि मी मनात एकच म्हणत होते की पाना सटकला तर आम्ही दोघी जाऊ आणि संध्याकाळी लेकीला दार कोण उघडेल. तिसऱ्या वेळी करकर असा आवाज झाला, जुनं लाकूड फाटल्यासारखा. मला वाटलं बोल्ट तुटला. बोल्ट फिरला होता.

वन्संनी तो शेवटपर्यंत हाताने सोडवला. आतले आटे काळे, चकचकीत होते; गंज आत पोचलाच नव्हता. त्यांनी तो बोल्ट तळहातावर घेऊन पाहिला, आणि त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "आतून चांगला होता."

पट्ट्या सुटल्या. एक माणूस उचलायला पुढे आला तशी त्यांनी हात आडवा केला. दोन्ही पट्ट्या ब्रशने पुसल्या, तेल लावलं आणि चारी बोल्ट त्यांच्या भोकांत अडकवले, पुन्हा बसवायच्या असल्यासारखे. मग मुकादमाच्या हातात दिल्या.

"फेकू नका. ठेवा."

मुकादम स्वतः ट्रकपर्यंत गेला आणि त्याने त्या पट्ट्या हौद्यात दोन्ही हातांनी ठेवल्या. आवाज झाला नाही.

"पुढचे सांधे माझे नाहीत," वन्सं म्हणाल्या. "ते कसेही कापा."

आम्ही परत निघालो. खडीतून मला नीट चालता येईना, आणि वन्सं मात्र सरळ चालल्या होत्या, एका ढांगेत एक स्लीपर धरत, स्लीपर उरले नव्हते तरी. त्यांच्या ढांगेला मला जवळजवळ पळावं लागत होतं. वरती डोंगरावर दिवे लावलेली एक बस वळण घेत होती. मी थांबले.

"तिचीच आहे का?" वन्संनी विचारलं.

"कळत नाही इथून."

त्याही थांबल्या. ती बस शेवटचं वळण उतरून खाली येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच, उघड्या खडीत उभ्या राहिलो.